नऊ नंबरशी बोललो ते

४ जानेवारी, शनिवार
पहिला दिवस. गळ्यात 'स्वयंसेवक' असं कार्ड, अंगात हिरवा एप्रन, हातात झाडू! चाळीस वर्षं गॅरेजमध्ये मी दुसऱ्यांच्या हातात झाडू देत आलो. आज इथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात दिला. वय माझ्या लेकीएवढं, पण दरारा माझ्या पहिल्या उस्तादाचा.

जखमी प्राणी-पक्ष्यांच्या या केंद्राचे दोन भाग. पुढे कासव, अजगर, एका डोळ्याची घार – आता रानात जगू न शकणारी मंडळी. ती कायमची इथलीच. शाळेची पोरं येऊन त्यांना बघतात, शिकतात. मागे जखमी प्राणी – बरे करून सोडून द्यायचे. मागे गेलं की तोंड उघडायचं नाही. माणसाच्या आवाजाची सवय लागली की सोडल्यावर ते माणसांकडेच जातात. पूर्वी एक ससाणा असाच सोडला, तर एका दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. दुकानदाराने घाबरून काठी घातली. तिथेच मेला.

"बोलायचंच असेल तर पुढे कासवाशी बोला, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी सांगितलं तर बायकोला हसू आवरेना. तुम्ही आणि गप्प? मला एकदा बघायला घेऊन चला, म्हणे.

११ जानेवारी
आज माझ्या कानांनी नाव काढलं.

मागच्या नऊ नंबरच्या खोलीत एक गव्हाणी घुबड आहे. पांढऱ्या तोंडाचं, तरुण, छपरावरून पडलेलं. नर की मादी ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही, आणि नाव ठेवायला बंदी – म्हणून नऊ नंबर. घुबडाच्या उडण्याचा आवाज येता कामा नये म्हणे. आवाज आला की उंदीर पळाला आणि हे उपाशी. पंखाचं हाड जुळलंय, पण उडणं खटकतंय. कुठे, ते त्यांना कळेना.

पडद्यामागे बसलो. डोळे मिटले. तीन फेऱ्या ऐकल्या. म्हटलं, डावा पंख, टोकाकडची पिसं. वर घेताना नाही, खाली मारताना घासतंय.

धरून बघितलं – तीन पिसं मोडलेली! डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं तुम्ही नक्की काय दुरुस्त करायचात, म्हणाल्या. आता नऊ नंबरची झाडलोट आणि ऐकणं माझ्याकडे.

१८ जानेवारी
मेलेल्या घुबडाची जपून ठेवलेली तीन पिसं नऊ नंबरला चिकटवली. डॉक्टरीणबाईंनी एकेक तासून बरोबर बसवलं. स्पेअर पार्टच की! मी हे वर्षानुवर्षं केलंय, फक्त माझं गिऱ्हाईक चावायचं नाही.

२५ जानेवारी
कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मी बोलतो. म्हणजे बोलणं कसलं, पुटपुटणं. "चल राजा, दाखव. हां, अस्सं." आयुष्यभर प्रत्येक इंजिनाला हेच म्हणत आलो. हात चालले की तोंड चालतं. हळू आवाजात तर असतं. एवढ्याने काय होणार?

१५ फेब्रुवारी
नऊ नंबर उडालं आणि मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही! डोक्यावरून गेलं तेव्हा नुसता वारा लागला. डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली. खाणं बनवणाऱ्या मावशी – दिवसभर कोंबडीची पिल्लं आणि उंदीर कापतात, पण स्वभावाने गोड – म्हणाल्या, शेठ, तुमचे कान इथेच ठेवून जा.

आणखी एक. हल्ली मी पुटपुटलो की ते वरून उतरून जवळच्या दांडीवर येतं. मान वाकडी करून ऐकतं. घरी इतकं मन लावून माझं कोण ऐकतं?

१ मार्च
आज परीक्षा होती. सोडण्याआधी वेगवेगळ्या माणसांनी खोलीत शिरून बोलायचं. डॉक्टरीणबाई बोलल्या, मावशी बोलल्या, माळी तर चांगला पाच मिनिटं नळाच्या गळतीबद्दल बोलला. नऊ नंबर कोपऱ्यात अंग चोरून फिस्कारत राहिलं. पास! पुढच्या शनिवारी सोडायचं. मावशींनी सगळ्यांना चहा दिला.

मला बोलायला सांगितलं नाही. मी नियम पाळणारा, असं त्यांनी धरून चाललंय.

माझा चहा मी माळ्याला देऊन टाकला.

२ मार्च
सकाळपासून हिशेब जुळवतोय. ते फक्त माझ्या आवाजाला येतं. रानात माझा आवाज कुठे आहे? म्हणजे धोका नाही. मग वाटतं – जगात पुटपुटत काम करणारा म्हातारा मी एकटाच का? कुणीतरी दारात सायकल पुसत असेल, स्वतःशी बोलत असेल. हे जाऊन बसायचं शेजारी. आणि त्याच्या हातात काठी असली तर?

जेवताना बायकोला सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

"अहो, त्या बाईला सांगा. तुम्हाला हाकलतील तर हाकलतील."

३ मार्च
सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चला म्हणाल्या, खोलीत गेल्या, दार लावलं. "बोला."

"चल राजा," एवढंच म्हटलं. आलं. दांडीवर नाही, थेट खांद्यावर. नखं शर्टातून आत रुतली. मी हललो नाही.

त्यांनी विचारलं, किती दिवस बोलताय? सहा आठवडे, म्हटलं. त्यांनी बोटांवर आठवडे मोजले. मग म्हणाल्या, एक महिना इकडे फिरकू नका. विसरलं तर सोडू. नाही विसरलं तर ते कायमचं इथलं.

१० मार्च
घरीच. मिक्सर दुरुस्त केला. तोंड बंद ठेवून.

२३ मार्च
विसर बाबा. तीन आठवड्यांत माणसं मला विसरली आहेत, तुला काय जड आहे?

५ एप्रिल
नवा शर्ट घातला होता. साबणही बदलला – बायकोची अक्कल. वासाने ओळखायला नको, म्हणे. दाराशी मावशींनी हात जोडले, मला की देवाला कळलं नाही.

आत गेलो. ते अगदी वर, लांबच्या कोपऱ्यात, पाठ करून बसलं होतं. जीवात जीव आला. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. मी होईल तितक्या कोरड्या आवाजात म्हटलं, "चल राजा."

पंखांचा आवाज आला नाही. एकदम खांद्यावर वजन आलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं.

१२ एप्रिल
नऊ नंबरला पुढे आणलं, घारीच्या शेजारी. आता त्याच्याशी हवं तेवढं बोला, काका, असं डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं. अर्धा तास जाळीपाशी उभा होतो. एक शब्द सुचला नाही.