दक्षिणेचं दार

१२ जानेवारी १९४७, रविवार

फौजी वसाहतीच्या भिंतींची जाडी इंजिनियर साहेबाने तीन इंचांवरून अडीचवर आणली. सिमेंट परमिटावर, लोखंड तर जवळजवळ मिळतच नाही. लढाईवरून आलेल्यांना आधी छप्पर द्या, म्हणाला. दोन्हीकडून फळ्या उभ्या करायच्या, मध्ये काँक्रीट ओतायचं, चार दिवसांनी फळ्या सोडायच्या — झाली भिंत! मी मिस्त्री. मान डोलावली.

भूकंप झाला तर, एवढं मात्र विचारलं. साहेब म्हणाला, साताऱ्याखाली काळा कातळ आहे, इथे कसला भूकंप! गवंडी हसले. मीही हसलो.

१९ जानेवारी

क्वेट्ट्याच्या भूकंपाचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. बायको मनू आणि तान्ही पोर क्वार्टरात, मी पहाऱ्यावर. सगळं पडायला एक मिनिटही लागलं नाही. रेल्वेची काही घरं तेवढी टिकली, त्यांत लोखंड घातलेलं होतं. बास.

रडू तेव्हाही आलं नव्हतं. त्यानंतर छताखाली झोपलो नाही. लोक म्हणतात, नाथाजी नाईकाला उकाडा फार होतो. पौषातसुद्धा!

३ फेब्रुवारी

कुणाला कुठलं घर, त्याची यादी लागली. सात नंबर साळूवहिनीला. दादा इटलीत लढाईत पडला, त्याच्यामागे ती आणि आठ वर्षांची राही. मी त्यांच्यातच जेवतो, अंगणात झोपतो. शेवटच्या रजेला दादा म्हणाला होता, "नाथा, ह्यांच्याकडं बघ रं." बघतो, म्हणालो होतो.

गल्लीपलीकडे, अगदी समोर, आठ नंबर. ते धुळाला. माणदेशचा धनगर, माझ्याच पलटणीतला. चार पोरं.

दोन्ही घरं याच आठवड्यात ओतायची आहेत. कोपऱ्याला दोन-दोन सळया. दोनाने काय होणार?

८ फेब्रुवारी

केलं. गवंडी भाकरीला बसले तेव्हा आठाच्या फळ्यांमधून सळया उपसल्या आणि साताच्या कोपऱ्यांत बांधल्या. खिडक्यांच्या वरून सळयांचा आडवा फेरही दिला. दुपारी दोन्ही घरं ओतली.

आठात आता नुसती खडी, वाळू आणि सिमेंट. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

९ फेब्रुवारी

धुळाने चहा पाजला. प्यालो.

२ मार्च

साहेब आला. ओळंबा लावला, इंच मोजले, शाबास म्हणाला. आत काय आहे ते कोण बघतो!

पाडवा

घरं दिली. नारळ फुटले. साळूवहिनी साताच्या दारात आली आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. सूर्य कुठे आहे ते पाहिलं.

"भावजी, दार दक्षिनंला हाय."

मी म्हणालो, असू द्या, घर पक्कं आहे, दिशेचं काय घेऊन बसलात. ती राहीचा हात धरून उभीच.

"यमाची दिशा ती. एक मानूस गेलं तेवढं बास झालं. ह्या दारातनं मी पोरीला न्हाई न्यायची."

तिला दटावलं, समजावलं. खरं एकच वाक्य होतं, ते ओठांपर्यंत आलं. भोवती सगळी वसाहत उभी. धुळाही. गिळलं.

तेवढ्यात धुळाच पुढे झाला.

"वैनी, तुमी आमचं आठ घ्या. त्येचं दार उत्तरंला हाय. आमी मेंढरांमागं हिंडल्याली मानसं, आमाला कसली दिशा!"

वहिनीने त्याच्या पोरांच्या हातावर साखर ठेवली. साहेबाने नंबर खोडून सही केली. मला म्हणाला, मिस्त्री, दोन्ही तुमच्याच हातची, फरक काय?

काही नाही, म्हणालो.

दुसरा दिवस

धुळाची पोरं साताच्या भिंतीवर चेंडू मारत होती. ती भिंत चांगली आहे. ज्याचं चोरलं त्याच्याचकडे परत गेलं. हे बरोबर झालं असं मनात येतं, आणि मग आठाकडे बघवत नाही.

वहिनीला अजूनही सांगता येईल. ती धुळाला सांगेल. धुळा काही बोलणार नाही — त्याचीच धास्ती वाटते.

२८ मार्च

राहीने झोपायची जागा निवडली. पूर्वेच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून. तिथे हात फिरवून म्हणाली, "काका, गार लागतंय." जागा बदल म्हटलं. ऐकत नाही.

२९ मार्च

आज माझी वळकटी अंगणातून उचलली. राही आणि भिंत यांच्यामध्ये टाकली. बारा वर्षांनी छताखाली.