काठोकाठ प्याला

नारिन, ३ ऑक्टोबर

चि. बेगायिमला आजोबांचे आशीर्वाद, वि. वि.,

सुखरूप पोचलो. गुडघा आखडलाय. आजी म्हणते, शहरात जाऊन तुम्ही दर वेळी एवढंच कमावून आणता.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तुझ्या खोलीवर तू मला चहा दिलास तो काठोकाठ, प्रत्येक वेळी. पाहुण्याला अर्धा प्याला द्यायचा, म्हणजे तो पुन्हा मागतो, बसतो. भरून दिला की ‘आता उठा’ असा अर्थ, हे तुला लहानपणी मीच शिकवलं. म्हणून मी उठलो आणि दुपारचीच बस धरली. पोरी, माझं काय चुकलं? आजी म्हणते, या म्हाताऱ्याला चहातही अपमान दिसतो. दिसतो खरा. वाऱ्याने दार आपटलं तेव्हा तू घाबरून माफी मागितलीस, तेही दिसलं. खोलीत तर आपण दोघंच होतो.

तुझ्या तिलेकची माणसं महिनाअखेर डूल घेऊन तुला मागणी घालायला इथे येणार आहेत. आजीने पीठ चाळून ठेवलंय. तू मात्र काहीच लिहीत नाहीस.

काळजीने झोप न येणारा, पण तुझाच,
आजोबा

बिश्केक, १२ ऑक्टोबर

ती. आजोबांना सा. न., वि. वि.,

तुम्हाला उठवायचं नव्हतं. प्याला भरला हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

तिलेकला चहा दुसऱ्यांदा मागावा लागलेला आवडत नाही. मग तो बोलणंच बंद करतो. मी माफी मागत राहते. मग तो फुलं आणतो आणि म्हणतो, तू मला असं वागायला लावतेस. म्हणून मी आधीच भरते. त्याने कधी हात उचललेला नाही, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. मैत्रिणी त्याला पसंत नव्हत्या, त्या आता येत नाहीत. तो ओरडतो तेव्हा मी नळाकडे बघत बसते. वाईट वाटत नाही. काहीच वाटत नाही. दुकानात माझ्यासोबत काम करणाऱ्या नुरझातने विचारलं, तू शेवटची कधी हसलीस? मला आठवेना.

मागणीचं म्हणाल तर येऊ देत. नाही कसं म्हणायचं ते मला आता जमत नाही.

आजीला नमस्कार. लोभ आहेच, तो राहू द्या.
बेगायिम

नारिन, ३१ ऑक्टोबर

चि. बेगायिमला आशीर्वाद, वि. वि.,

तुझं पत्र आजीला वाचून दाखवलं. ती रडली नाही. तिने पाहुण्यांच्या तळणासाठी चढवलेल्या कढईखालचा जाळ काढला.

काल ती माणसं आली. तिलेकच्या आईने डुलांची डबी पुढे ठेवली, पोरगी शांत आहे म्हणून कौतुक केलं. आमची पोरगी शांत कधी होती? मी म्हटलं, आधी चहा होऊ दे. किटली मीच उचलली. बायकांचं काम म्हाताऱ्याने हाती घेतलेलं पाहून त्याचा काका हसला. मी त्याचा प्याला काठोकाठ भरला. मग तिलेकच्या आईचा. मग तिलेकचा. काकाने विचारलं, हात कापतो का म्हातारबा? मी म्हटलं, आज नाही कापत. आजी मान खाली घालून बसली होती, तिने पावसुद्धा पुढे सरकवला नाही. कुणीच प्याल्याला हात लावला नाही. डबी उचलून ते उठले.

तुला न विचारता केलं, आता तीच काळजी लागलीय. रागावली असशील तर तसं लिही, मी ऐकून घेईन. पण तिलेक अजून इथे काकाकडेच आहे आणि हे पत्र आजच्या बसवाल्याच्या हाती देतोय, तेव्हा तो तुझ्या दारी येण्याआधी निघ. नुरझातला सोबत घे, तिच्यासाठीही अंथरूण घातलंय.

इथे चहा मी ओतीन, अर्धाच. तू मागत राहा.

वाट पाहणारा,
आजोबा