आम्पारोची भिंत आणि एक जागरूक नागरिक

४ मार्च, सोमवार
पेपरात बातमी. जुन्या नाट्यगृहाच्या बाहेरच्या भिंतीवर आम्पारो तोराल चित्र काढणार. तीस फूट उंच. सोबत फोटो, सगळे दात दाखवणारा. जानेवारीत हिची छापचित्रं प्रदर्शनात. फेब्रुवारीत हिची ॲनिमेशन फिल्म. ४ मेला त्याच नाट्यगृहात नाच आहे, त्यात नाचणाऱ्यांच्या मागे पडद्यावर जी चित्रं हलणार तीही हिचीच. आणि आता भिंत. वाहाका शहरात दुसरं माणूस उरलं नाही वाटतं.
मला मत्सर नाही. आम्ही एका वर्गात शिकलो. शिवाय ती माझ्या मुलीची धर्ममाता, म्हणजे मी तिचा कोंपाद्रे आणि ती माझी कोमाद्रे. मला चिंता आहे ती कलेची. सव्वीस वर्षं मी लाकडी ठसे कोरतोय. एक माणूस, एक विहीर. ही बाई चार ठिकाणी खणते आणि चारही ठिकाणी पाणी लागलं म्हणून लोक नाचतात.
संकल्प: हे सगळं मीही करून दाखवणार. केवळ सोपं आहे हे सिद्ध करण्यासाठी.

७ मार्च, गुरुवार
भित्तिचित्रापासून सुरुवात. घरामागच्या अंगणातली भिंत. विषय: झेप घेणारा जग्वार. दुपारपर्यंत झेप झाली, जग्वार राहिला.
देल्फिना गिरणीतून जेवायला आली. (माझी बायको. बाजारामागे तिची गिरणी आहे. लोक कोको, मिरच्या दळायला आणतात आणि दळण होईस्तोवर गावभरच्या बातम्या सांगतात.) तिनं विचारलं, कुत्रा कुणाचा? मी सांगितलं, जग्वार आहे. ती म्हणाली, असू दे, पण कपड्यांची दोरी कुठे बांधायची? संध्याकाळी पाहिलं तर खिळा त्याच्या डोळ्यात.
चुना चांगला नव्हता. चांगल्या चुन्यावर कोणीही काढेल.

१२ मार्च, मंगळवार
ॲनिमेशन. एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात म्हणे. पक्षी उडतानाची एकोणीस काढली. चार दिवस गेले. युरिदियानं ती फोनवर चढवून चालवली. माझी मुलगी, वय सोळा. म्हणाली, "बाबा, हे पाखरू हललं की माझा अंगठा?"
मी म्हणालो, आम्पारोची फिल्म चार मिनिटांची आहे, म्हणजे हाताखाली दहा माणसं असणार. युरिदिया म्हणाली, कोणी नव्हतं. स्वतःच्या आईच्या आजारपणात दोन वर्षं तिच्या उशाशी बसून आम्पारोमावशीनं एकटीनं काढली.
हे मला माहीत नव्हतं. पण त्यानं मुद्दा बदलत नाही.

१७ मार्च, रविवार
आम्पारो जेवायला. देल्फिनानं काळं मोले केलं, कोको घातलेला दाट रस्सा. कोंबडीची तंगडी आम्पारोला. मला मान.
आम्पारो फार साधेपणानं वागते. हा तिचा जुना डाव. मला विचारलं, "कोंपाद्रे, सध्या काय चाललंय?" मी म्हणालो, मोठं काम आहे, इतक्यात बोलता येणार नाही. देल्फिना म्हणाली, "डोळ्यात खिळा ठोकलेला कुत्रा."
आम्पारो हसली नाही. उठून अंगणात गेली आणि भिंत नीट बघून म्हणाली, शेपटी छान आहे. हसली असती तर परवडलं असतं.

२० मार्च, बुधवार
काल सान होसेचा, म्हणजे सुतार संताचा, सण. चर्चच्या मंडळींचं नाटक होतं. मागच्या पडद्यावरची चित्रं मी दाखवतो असं पाद्रीबाबांना आपणहून सांगितलं होतं. प्रोजेक्टर त्यांचा, चादर आमची.
प्रोजेक्टर फार जवळ ठेवला गेला. संताचं डोकं चादरीच्या वर निघून गेलं आणि दाढी नेमकी समोर उभ्या पाद्रीबाबांच्या टकलावर. त्यांना कळेना लोक का हसतायत, म्हणून ते वळले. मग दाढी तोंडावर आली. दैवी योगायोग, पण लोकांनी तो तसा घेतला नाही.
पाद्रीबाबा नंतर म्हणाले, "माएस्त्रो, तुम्ही लाकूडच कोरा. देवालाही सुताराचंच काम आवडायचं."
टेबल डुगडुगत होतं. हे कोणी लक्षात घेत नाही.

२२ मार्च, शुक्रवार
बराच विचार केला. प्रश्न माझा नाही, शहराचा आहे. नाट्यगृहाची भिंत आपल्या हिरव्या दगडाची, शंभर वर्षांपूर्वीची. आम्पारोच्या रंगानं तो दगड पोखरला गेला तर? रंग आणि दगड यातलं मला काही कळत नाही, पण शंका घेणं हा नागरिकाचा हक्क आहे.
जुन्या इमारती सांभाळणाऱ्या ऑफिसला पत्र लिहिलं. दोन पानं. भाषा कडक पण सभ्य. खाली सही: एक जागरूक नागरिक. हॅट घालून गेलो आणि पेटीत टाकलं.
मत्सर असता तर नाव घालून लिहिलं असतं. मत्सरी माणसाला मिरवायचं असतं.

३ एप्रिल, बुधवार
पवित्र आठवड्याची सुट्टी संपली, ऑफिसं उघडली. आज भिंतीचं काम थांबलं. परांचीभोवती पिवळी पट्टी. मी त्या रस्त्यानं सहज गेलो. तीनदा.
तिसऱ्या वेळी आम्पारोनं हाक मारली. फुटपाथवर बसून मक्याच्या पिठाचा उकडलेला तामाल खात होती. म्हणाली, कोणीतरी तक्रार केली. दहा तारखेला ऑफिसात साहेबांपुढे लेखी उत्तर वाचून दाखवायचं, नाहीतर भिंत पुन्हा धुऊन पहिल्यासारखी करायची. मी म्हणालो, जग वाईट आहे. तिनं अर्धा तामाल मला दिला. खाल्ला. नको म्हणणं संशयास्पद दिसलं असतं.
मन हलकं झालंय.

५ एप्रिल, शुक्रवार
गिरणीत बसलो होतो. आम्पारो आली. "कोंपाद्रे, मला लिहिता येत नाही हे तुला शाळेपासून माहीत आहे. उत्तर तू लिही."
दोनदा नाही म्हणालो. एकदा वेळ नाही म्हणून, एकदा चष्मा बदलायचाय म्हणून. देल्फिनानं चक्की बंद केली. ती चक्की कधी बंद करत नाही. एवढ्या शांततेत तिसरं कारण सुचलं नाही.

८ एप्रिल, सोमवार
उत्तर लिहितोय. अवघड काम आहे, कारण तक्रारदार हुशार माणूस आहे.
आम्पारोनं एक खोकं दिलंय. त्यात त्याच हिरव्या दगडाचे अकरा तुकडे. प्रत्येकावर तिचे रंग, मागे तारखांच्या चिठ्ठ्या. आठ महिने तिनं ते गच्चीवर पावसात-उन्हात ठेवले आणि दर पंधरवड्याला काय झालं ते लिहून ठेवलं. दगडाला काही झालेलं नाही. माझी, म्हणजे तक्रारदाराची, दोन्ही पानं पहिल्या तीन तुकड्यांतच निकालात निघतात.
मी असले तुकडे कधी केले असते का? प्रश्न अप्रस्तुत आहे. मी लाकडावर काम करतो.
मसुद्यात तक्रारदाराला 'अपुऱ्या माहितीचा' म्हटलं होतं. ते खोडून 'दुसऱ्याच्या घामानं ज्याच्या अंगावर पुरळ उठतं असा' लिहिलं. देल्फिनानं वाचलं. म्हणाली, तू आजवर लिहिलेलं हे सगळ्यात खरं आहे.

१० एप्रिल, बुधवार
जिंकलो. म्हणजे आम्पारो जिंकली, पण वाचलं मी. 'पुरळ' आल्यावर साहेब टेबलावर हात आपटून हसले. बंदी उठली. त्यांनी विचारलं, हे लिहिलं कोणी? मी उभा राहिलो. ते म्हणाले, त्या जागरूक नागरिकानं हे एकदा ऐकायला हवं होतं. मी म्हणालो, हवंच होतं.
वर्षानुवर्षांत पहिल्यांदा अनोळखी लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. उद्या इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीपाशी जाणार. आभार स्वीकारताना फार आढेवेढे घ्यायचे नाहीत.

११ एप्रिल, गुरुवार
गेलो. आम्पारो परांचीवरून उतरली, हात पुसले आणि म्हणाली, पत्र तुझंच होतं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.
ऑफिसनं तिला पत्राची प्रत दिली होती. त्यात एस हे अक्षर पाच ठिकाणी उलटं पडलंय. ठशात अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा छापल्यावर सुलटी येतात. सव्वीस वर्षं तेच केल्यावर हात कधीकधी कागदावरही विसरतो. मी म्हणालो, शहरात ठसे कोरणारे पुष्कळ आहेत. ती म्हणाली, "पुष्कळ आहेत, कोंपाद्रे. पण पत्रात मला 'वर्गात कायम दुसरी येणारी' म्हणणारा एकच."
मग माझ्याकडूनच उत्तर का लिहून घेतलं, विचारलं. "तक्रार कुठे कच्ची आहे, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार?"
देल्फिनाला कळलंय का, विचारलं. म्हणाली, मला थोडी शंका होती, म्हणून पत्र तिलाच नेऊन दाखवलं. तिनं दुसऱ्या ओळीलाच ओळखलं. तीन एप्रिललाच. म्हणजे आठ दिवस ती माझ्यासमोर बसून जेवत होती आणि आणखी पोळी हवी का विचारत होती.
मला काही बोलायचं होतं. माफी हा शब्द तोंडात आलाही होता. आम्पारो म्हणाली, "आठ दिवस वाया गेलेत. बोलत काय बसतोस, ब्रश घे. खालची मक्याची पानं." मी म्हणालो, शर्ट इस्त्रीचा आहे. ती म्हणाली, दिसतंय.

२६ एप्रिल, शुक्रवार
दोन आठवडे पानंच रंगवतोय. माझं पान सरळ येतं, तिचं वाऱ्यात हलतं. ती कसं करते ते चोरून बघतो. तिला कळतं. मग ती मुद्दाम हळू करते. हे सगळ्यात जास्त लागतं.

४ मे, शनिवार
उद्घाटन. आधी आत नाच. अंधारात मागच्या पडद्यावर तिची चित्रं सरकत होती. एका म्हाताऱ्या बाईच्या पदरातून नदी निघाली आणि नाचणाऱ्या पोरी तीत घोट्यापर्यंत भिजल्यासारख्या चालल्या. शेजारी देल्फिना रडत होती. मी टाळ्या किती वेळ चालतात ते घड्याळात बघितलं. चार मिनिटं.
मग सगळे बाहेर भिंतीपाशी. भिंत चांगली झाली आहे. फार चांगली. हे मी इथेच लिहितोय, तोंडानं कोणापाशी बोलणार नाही.
गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या नखांतला रंग पाहून विचारलं, "माएस्त्रो, हे तुम्ही केलंत?" 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, नाही, माझ्या कोमाद्रेनं. माझी फक्त खालची पानं. तो म्हणाला, कुठली? दाखवायला वळलो, तर नेमकी पानांपुढे भाजलेल्या कणसांची गाडी लागलेली. गाडीवाला म्हणाला, हलवू का?
मी म्हणालो, राहू दे. दोन कणसं दे, एकाला तिखट कमी. आम्पारोला तिखट चालत नाही.