कडी नसलेलं न्हाणीघर

आई, अमेरिकेत कॅरी गावातल्या या घरात न्हाणीघराला आता आतून कडी नाही. मागच्या आठवड्यात मी टबात घसरले, कडी लावलेली, कुणाला आत येता येईना, तर पोराने नंतर कडीच उपसली. वर म्हणतो, "आई, सोमवारपासून एक बाई येईल तुला आंघोळ घालायला." म्हटलं, "मढ्याला घालतात आंघोळ. मी अजून चालतेय." तो जेवला नाही. मीही नाही. शेवटी नातीने तोड काढली. मी आत एकटीने नहायचं, ती दाराबाहेर बसून शाळेचा धडा म्हणणार, मधूनमधून विचारणार, मी ओ द्यायची. ओ आली नाही की ती आत, आणि सोमवारी ती बाई.

धडा लॅटिनचा. ती भाषा बोलणारं कुणी उरलं नाही म्हणे. मग चुकलं तर ओरडणार कोण, म्हटलं. "टीचर, आजी." काल आंघोळीचाच शब्द निघाला. बाल्नेउम. ग्रीक लोकांकडून उचललेला. "आजी, हा वीअर्ड आहे. घरातलं एकटं न्हाणीघर असलं तर न्यूटर, म्हणजे ते. गावातली सगळ्यांची असली तर प्लूरल, आणि एकदम फेमिनिन. बाल्नेए. रूलमध्ये बसतच नाही. ऐकतेयस ना?"

"ओ."

मला त्यात वीअर्ड काही वाटलं नाही. आई, ओढ्यावर आपण सगळ्या जायचो. एक लुगड्याचा आडोसा धरते, एक पाणी ओतते, आणि तू माझी मान खाली दाबून म्हणतेस, "पाठ दे. लाजतेस कशाला, सोन्याची आहे का?" दगडाने अशी घासायचीस की रात्री उताणं निजवत नसे. इथे मी एका हाताने कठडा धरून उभी, साबण निसटलेला, आणि ओ देताना आवाज कापू नये म्हणून दात आवळलेले.

"आजी? आजी, ओ दे."

दाराची मूठ फिरायला लागली तशी मीच म्हटलं, "ये आत. पाठीला हात पोचत नाही माझा." आली, आधी छताकडे बघत. मऊ मऊ चोळायला लागली. "पाठ आहे ती, मांजर नाही. घास."

संध्याकाळी तिनेच बापाला सांगितलं, "बाबा, त्या बाईंना कॅन्सल कर. आय विल डू इट." त्याने माझ्याकडे बघितलं. मी भात कालवत होते.

हा कागद तुला कुठला मिळायला, म्हणून खरं ते लिहिते. हात पोचत होता.