समास कापल्याची हकिगत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (हे उभ्याने लिहितोय, कारण बांधणीच्या टेबलाशी खुर्ची पुरत नाही, साष्टांग घातला असं समजून घे.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, आणि ठीक म्हणजे काय ते पुढे येईलच. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी पायऱ्या चढू नका म्हणून सांगितलं असताना तू पार्सल टाकायला पोस्टाच्या अठरा पायऱ्या चढून जातेस, हे मला कळलं आहे. मला तीन वर्षांत तुझं एक पत्र आलं, तेही माझ्याच पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेलं. माझ्या लेकीला मात्र वर्षात अकरा पार्सलं. मी काही मोजायला बसलो नव्हतो. पार्सलांचे खाकी कागद मी कव्हरांसाठी जपून ठेवतो, त्यामुळे आकडा आपोआप डोळ्यांसमोर येतो. या कागदाला डावीकडे चार बोटं समास सोडलाय त्याला हसू नकोस. तीस वर्षं वाचनालयाच्या मागच्या खोलीत दुसऱ्यांची पुस्तकं शिवल्यावर कागदाच्या कडेपर्यंत लिहायला माझा हात धजत नाही.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा म्हणजे तू तुझ्या भाचीला पाठवतेस त्या कादंबऱ्या, जादूच्या आणि उद्याच्या वाईट राज्यांच्या. पोरगी पंधरा वर्षांची आहे, आणि पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच त्या लिहिल्यात असं मलपृष्ठावर छापलेलं असतं (मला न विचारता). माझं पहिलं म्हणणं बांधणीबद्दल आहे. साडेचारशे पानं आणि शिलाईचा एक टाका नाही, सगळं नुसत्या डिंकावर! नायिका अजून राजवाड्यात शिरतेय तोवर पुस्तकाच्या कण्याला भेग पडते. दुसरं म्हणणं नकाशाबद्दल. सुरुवातीला नकाशा असतोच, आणि त्यात एक जंगल असतं जिथे कुणीही जात नाही. नव्वदाव्या पानापर्यंत सगळे तिथे पोचलेले असतात. तिसरं म्हणणं सरकारबद्दल. आरसेबंदीची ती मालिका घे. राज्यातले सगळे आरसे राजाने जप्त केलेत, आपण कसे दिसतो ते दर महिन्याला सरकारी माणूस येऊन सांगून जाणार, आणि तो सांगेल तेच खरं. दुष्टपणा आहे, कबूल. पण ताई, अख्ख्या राज्यातले आरसे एका दिवसात गोळा झाले! आमच्या खोलीतला पंखा बदलायला वाचनालयाच्या समितीला दोन वर्षं लागली आणि नवा आला तोही उलटा फिरतो. बंड करून अशी माणसं कामावरून घालवायची म्हणजे जिवावर येतं. आणि त्या नायिकेला आपण सुंदर आहोत हे ठाऊकच नसतं. (या मालिकेत निदान आरसे नसल्याचं कारण तरी आहे, बाकीच्यांत तेही नाही.) तिच्यामागे दोन मुलं, एक घुम्या पहारेकरी आणि एक लहानपणापासूनचा मित्र, कौलं बसवणारा. घुम्या बोलत नाही म्हणून ती त्याच्यावर भाळते. मीही घरात बोलत नाही. तुझी भावजय त्याला तिरसटपणा म्हणते.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. या कादंबऱ्यांत बाप जगत नाही. आरसेबंदीतला बाप होडी चालवणारा, चांगला कामसू माणूस, तेविसाव्या पानावर नदीत जातो. मग उरलेली सव्वाचारशे पानं ती मुलगी त्याची आठवण काढते. होडीची गाठ बांधताना काढते, तुरुंगात काढते, घुम्याच्या खांद्यावर डोकं टेकून तर हमखास काढते. इकडे मी धडधाकट जिवंत आहे. रोज सकाळी डबा भरून देतो, सायकलच्या चाकात हवा भरतो, चष्म्याचा दांडा तुटला तर माझ्याच दोऱ्याने बांधून देतो. माझी आठवण शेवटची कुणी कधी काढली होती, ते मला सांग. मला त्या बुडालेल्या होडीवाल्याचा हेवा वाटतो, हे मी लेखी देतो. आणि त्याच्याहून जास्त तुझा. लहानपणी तू मला गोष्ट वाचून दाखवायचीस आणि ऐन रंगात आली की पुस्तक मिटून मला पाणी आणायला पिटाळायचीस. मी धावत जायचो, अर्धा पेला सांडायचो. आता माझी लेक तुझ्या पार्सलासाठी तशीच फाटकापर्यंत धावते, आणि मी खिडकीतून बघतो.

म्हणून मी ठरवलं, आपणही वाचायचं. वाचनालयात आरसेबंदीचा संच आहे, पण पहिल्या भागाला अकरा जणांची रांग होती, तेव्हा मी दुसऱ्यापासून सुरुवात केली. (पहिल्या भागातलं सगळं ती लोकं दुसऱ्यात एकमेकांना पुन्हा सांगतात, त्यामुळे काही अडलं नाही.) बांधणीवाला कादंबरी वाचताना दिसला तर बोलणी बसतील म्हणून मी तिला 'फळझाडांची निगा' या पुस्तकाचं सुटं कव्हर चढवलं आणि जेवणाच्या सुट्टीत वाचायला लागलो. अडीचशेव्या पानाशी माझे डोळे भरून आले आणि नेमक्या त्याच वेळी ग्रंथपालबाई आत आल्या. त्यांनी कव्हर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, की झाड गेलं का. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तेव्हापासून त्या माझ्याशी फार जपून बोलतात आणि आठवड्यातून एकदा घरच्या कुंडीतलं लिंबाचं रोप दाखवायला आणतात. मी त्याची पानं उलटसुलट करून बघतो आणि पाणी कमी घाला म्हणून सांगतो. रोप सुधारलंय, ही आणखी एक पंचाईत.

एवढी तयारी झाल्यावर एका रविवारी जेवताना मी सहज म्हणाल्यासारखं म्हणालो, की मला विचाराल तर त्या कौलवाल्याने पुलावर तिचा विश्वासघात करायला नको होता. पोरीचा घास हातातच राहिला. ती अजून पुलापर्यंत पोचली नव्हती, ताई. तिला तो कौलवालाच आवडत होता. मी सावरायला गेलो आणि पुढे म्हणालो, की अर्थात शेवटी तो माफी मागतोच. तुझी भावजय टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होती, पण मी सुटलो होतो, तो मरताना काय म्हणतो तेही मी सांगून टाकलं. पोरगी ताट घेऊन उठली. त्यानंतर पुस्तक तिच्या खोलीत गेलं आणि दार लागलं. तुझी भावजय म्हणाली, लेकीशी बोलायचंय तर लेकीशी बोला, तिच्या पुस्तकात कशाला नाक खुपसता? हे तिला सोपं वाटतं. तिच्याशी पोरगी बोलते.

आता मुख्य हकिगत. तुमच्या दोघींच्या मधे पोस्टाने ये-जा करून पोरीच्या प्रतीचा, त्या दुसऱ्या भागाचा, कणा शेवटी फुटला. तीन आठवड्यांपूर्वी पोरगी स्वतःहून माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे नीट बांधून द्याल?" किती दिवसांनी तिने माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं! मी म्हणालो, तीन दिवसांत. मी त्याला खरी शिलाई घातली, वाचनालयातल्या मोठ्या कोशांना घालतो तशी. कण्याला कापड लावलं, निळा पुठ्ठा काढला जो मी समितीच्या अध्यक्षांच्या पुस्तकासाठी ठेवला होता, आणि पाठीवर नाव हाताने उठवलं. असं काम मी दहा वर्षांत केलं नव्हतं. मग शिवलेला गठ्ठा छाटणीच्या यंत्रात धरला आणि रिवाजाप्रमाणे कडा कापल्या. कडा कापल्याशिवाय पुस्तक पुस्तक दिसत नाही, हे तुला कुणीही बांधणीवाला सांगेल. हात सवयीने चालला. समासात तुम्ही दोघींनी काही लिहिलेलं असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. वाचनालयाच्या भिंतीवर 'वाचकांनी समासात लिहू नये' अशी पाटी आहे, आणि ती माझ्याच अक्षरात आहे.

पोरीने पुस्तक हातात घेतलं. पाठीवरून बोट फिरवलं. मग उघडलं, एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मधलं एक पाहिलं. तुझी हिरवी शाई नाही आणि तिची पेन्सिल नाही; वर्षभर तुम्ही पानापानाशी जे बोललात ते सगळं गेलेलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने पुस्तक मिटून टेबलावरच ठेवलं, छान झालंय म्हणाली आणि आत गेली. त्याला आज अठरा दिवस झाले. डबा घेते, मान हलवते, दार हळू लावते. आपटलं असतं तरी चाललं असतं. आता तू म्हणशील माझीच चूक. पण अठरा पायऱ्या चढून ती पुस्तकं पाठवलीस कुणी? दोघींनी मिळून एक गुप्त राज्य उभं केलंत आणि त्याच्या नकाशात मी कुठेच नाही. तेव्हा निम्मा दोष तू घे, आणि इथून पुढे तिला असली पुस्तकं पाठवू नयेस अशी माझी स्पष्ट विनंती आहे.

गुडघ्याला शेक दे. तुझ्याकडे नमस्कार सांगावा असं मोठं कुणी नाही आणि आशीर्वाद द्यावा असं लहानही कुणी नाही, तेव्हा दोन्ही तूच ठेवून घे.

तुझा धाकटा,
(अजूनही तुझ्याहून उंच)

ता. क. १ : वर सवयीने म्हणालो ते खोटं आहे. सवयीने मी कडा दाणाभर कापतो. त्या दिवशी बोटभर कापल्या. शिवताना एकशेबाराव्या पानावर तिने लिहिलेलं वाचलं होतं : "आत्या, हे बाबांना नको सांगूस, ते गोष्ट सोडून कागदाबद्दल बोलतील." खाली तुझं हिरवं : "नाही सांगत." मी बराच वेळ ते बघत उभा राहिलो आणि मग यंत्राचा दांडा ओढला. पातं खाली आल्याबरोबर कळलं की काय केलं, पण ते परत वर गेलं तरी कागद जुळत नाही. मला तुझा मत्सर वाटला, ताई. दुसरं काही कारण नाही.

ता. क. २ : कातरणांची गोणी शनिवारी जाते. ती मी जाऊ दिली नाही. अठरा दिवस जेवणाच्या सुट्टीत समितीच्या वार्षिक अहवालाच्या कातरणांतून तुमच्या पट्ट्या वेचतोय. (ग्रंथपालबाईंना वाटतं मी झाडांसाठी खत करतोय.) एकशेचौसष्ट मिळाल्या, पातळ कागदाने पानांना पुन्हा जोडतोय, पण तुझी पंचवीस-तीस उत्तरं सापडतच नाहीत. पत्राचं खरं कारण हे. सोबत पानांची यादी आहे, तिथे तिथे काय लिहिलं होतंस ते आठव आणि हिरव्या शाईत पुन्हा लिहून पाठव. वर जे पुस्तकं पाठवू नकोस म्हणालो ते खोडलं असं समज. एक पट्टी कुठल्या पानाची ते मात्र मला कळेना. तिच्या अक्षरात आहे : "बाबा तिथे असते तर त्यांनी राजाला आधी पुस्तक कसं धरायचं ते शिकवलं असतं." खाली तू : "आणि राजाने निमूट ऐकलं असतं." ती मी जोडली नाही. माझ्या खिशात आहे. तेवढी परत मागू नका.

ता. क. ३ : होडीवाल्याचं प्रेत मिळालेलं नाही, हे दुसऱ्या भागात दोनदा सांगितलंय. तिसरा भाग तू वाचला असशीलच. बाप परत येतो का, एवढं एका ओळीत कळव.

(समासात, पेन्सिलीने)

आत्या, बाबा हे पत्र घरी आणून टेबलावर उघडं ठेवून अंघोळीला गेलेत. एरवी ते वाण्याची चिठ्ठीसुद्धा घडी घालून ठेवतात. दाणाभर आणि बोटभर यातला फरक मला त्याच दिवशी कळला होता, मी त्यांच्याच घरात वाढलेय. ते स्वतः सांगतात का, याची वाट बघत होते. खिशातली पट्टी पान दोनशे सातची आहे, पण राहू दे त्यांच्याकडे. बाप परत येतो का ते त्यांना सांगू नकोस, पुलाचा हिशोब अजून बाकी आहे. तिसरा भाग लवकर पाठव, आणि समास बघून घे. तिघांना पुरायला हवा.