भुंगेऱ्याची बरणी

३ मार्च
प्राणिसंग्रहालयाचा नवा हॉल कुणाला? संचालक मॅडम म्हणाल्या, प्रेक्षक ठरवतील. माझा गुहेतला भुंगेरा की साडूभाऊंची वाळवंटी खार. तिकिटाबरोबर एक चकती, टाका आवडत्या बरणीत. हरेल तो मागच्या गोदामात.
निकाल उघड आहे. भुंगेरा अख्ख्या जगात एकाच गुहेत उरलाय. खार? वाळवंटात डोळे मिटून दगड भिरकावा, खारीलाच लागेल.
ठराव: जळायचं नाही. मी जळत नाहीच.

४ मार्च
खारीसमोर ही गर्दी! दोन पायांवर उभी राहते, शेपटीची छत्री करते. थिल्लरपणा नुसता. भुंगेऱ्याला डोळेसुद्धा नाहीत, पण मिरवतो का? दगडाखालून बाहेरच येत नाही. मीही अजून नीट पाहिलेला नाही. याला म्हणतात स्टँडर्ड.
जेवताना हिने खारीचं कौतुक केलं. बहिणीच्या नवऱ्याची ना! अर्ध्या ताटावरून उठलो. मग बिस्किटं खाल्ली.

६ मार्च
मास्टरस्ट्रोक! दोन्ही बरण्या माझ्या भुंगेऱ्याच्या अंधाऱ्या खोलीत. मत द्यायला येतील, भुंगेरा बघतील. मॅडम 'छान' म्हणाल्या. साडूभाऊही 'छान' म्हणाले. या माणसाचा हाच राग येतो.

७ मार्च, दुपार
लोक येतात, बाकावर टेकतात, बाळं झोपवतात. 'किती शांत वाटतं' म्हणतात. एक आजोबा चक्क घोरले. भुंगेऱ्याची कदर शून्य.
उपाय: आतल्या कोपऱ्यातली भुंगेऱ्याची बरणी दाराजवळ आणली, खारीची कोपऱ्यात ढकलली. हात आधी आमच्याकडे जाईल. याला राजकारण म्हणतात, लबाडी नव्हे.

८ मार्च, मतदान संपताना
साडूभाऊ टेप घेऊन नव्या हॉलची खिडकी मोजत होते. आत्ताच! डोकंच फिरलं. तिकीटखिडकीवरून ओंजळभर चकत्या उचलल्या आणि अंधारात चाचपडत कोपऱ्यातल्या बरणीत ओतल्या. सवयीची जागा, हात बरोब्बर गेला.
हीसुद्धा लबाडी नव्हे. न्याय आहे.

९ मार्च
खार जिंकली.
मॅडम म्हणाल्या, काल शेवटपर्यंत भुंगेरा पुढे होता, लोक त्या शांत खोलीच्या प्रेमातच पडले होते, मग खारीला एकदम एवढ्या चकत्या कुठून आल्या कोण जाणे. मी म्हणालो, पब्लिकचं काही सांगता येत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.
साडूभाऊ गोदाम झाडायला आले. त्यांनी चकती भुंगेऱ्यालाच टाकली होती म्हणे. खिडकीही त्याच्याच काळ्या पडद्यासाठी मोजत होते.
संध्याकाळी भुंगेरा पहिल्यांदा दगडाबाहेर आला. मी झाडू ठेवायला गेलो होतो.
साडूभाऊंनी पाहिला. म्हणाले, फार गोड आहे हो.