हातोडीला न जुमानणारी काच

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून (अंगठा सुजलाय, म्हणून अर्धंच वाकून) नमस्कार.

तुमची पाठ, मामींचा खोकला आणि बाबांचा राग कसा आहे? पहिल्या दोघांना उतार पडो. तिसऱ्याची चौकशी आपली सहज.

मी काचेच्या दुकानात रमलोय. परवा भंगारवाल्याने मालकांना एक काच आणून दिली, पाटाएवढी, चांगली तीन बोटं जाड, धातूच्या चौकटीत बसवलेली. "टीपॉयला होईल, काप," मालक म्हणाले. मी कटरने रेघ ओढली, खालून टकटक केलं. एरवी काच शहाण्यासारखी दुभंगते, ही ढिम्म! तिसऱ्या रेघेला मालक नुसतं "हं" म्हणाले. माझं डोकं तुम्हाला ठाऊकच आहे (कॉलेज सोडलं तेही सरांच्या अशाच एका "हं"मुळे). मी हातोडी हाणली. काचेवर चांदणी उमटली आणि हातोडी उसळून माझ्या अंगठ्यावर आली.

मग ही काच आहे तरी कसली हे बघायला मालकांनी संग्रहालयातल्या ताईंना बोलावलं. (सगळे त्यांना ताई म्हणतात. मी कटाक्षाने काहीच म्हणत नाही.) तिने आधी काचेची कड पाहिली, पिवळट रेषा मोजल्या. पाच काचा, मधे चिकट थर. चौकटीची भोकं तिरकी, म्हणजे काच उतरती बसवलेली.

"बँकेची खिडकी असेल," मालक म्हणाले.

"माशांची टाकी," मी ठासून सांगितलं.

तिने माझ्याकडे पाहिलं (पाहिलं, मामा!). "का, मासे गोळ्या झाडतात?"

आतल्या बाजूला एकाच जागी गोल गोल बारीक ओरखडे होते. तिने जुना आराखडा काढून भोकं जुळवली. काच दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानाची निघाली. शेपटाशी एकटा बंदूकवाला बसायचा, त्याच्या तोंडासमोरची. मागून येणारं विमान त्याला दिसावं, गोळी मात्र लागू नये, एवढ्यासाठी हा सगळा जाडपणा. मग ती स्वतः काचेसमोर बसली, तोंडाची वाफ सोडून काच धुरकट केली आणि बाहीने पुसली. हात बरोब्बर त्या बंदूकवाल्याच्या ओरखड्यांवरून फिरला! असं डोकं मी कॉलेजात तर सोडाच, कुठेच पाहिलं नाही.

"आणि ही बघा गोळी लागलेली," मालक चांदणी दाखवत गहिवरले. (हातोडीच्या वेळी ते गिऱ्हाइकाकडे गेले होते.) तिने चांदणीवरून बोट फिरवलं आणि नोंदवही उघडली. मी सुजलेला अंगठा खिशात घातला.

तुमचा (बहुतेक बाबतींत) आज्ञाधारक,
भाचा

ता. क. दोन दिवस कसेबसे काढले, मग संग्रहालयात जाऊन तिच्यापाशी कबूल केलं. तिने नोंदवही पुढे सरकवली. आधीच लिहिलेलं होतं: "बाहेरच्या थरावर ताजी चांदणी. गोळी नव्हे, हातोडी. मारणारा उतावळा." माझ्यासमोर तिने शेवटी एक शब्द वाढवला: "प्रामाणिक."

ता. क. दुसरा. तिथे मदतनीस हवाय, पण पदवी लागते. मला पुन्हा कॉलेजात जायचंय. बाबांना सांगताना मधे तुम्ही बसा, तीन बोटं जाड होऊन. फटका थांबवा, पण पलीकडचा मुलगा त्यांना दिसू द्या.